छिद्रातले तांबे

अलिबाग-मुरूडकडे घासून लख्ख केलेला तांब्याचा हंडा खाऱ्या, दमट हवेत लवकर काळवंडतो. हंड्याचा पत्रा जाड, त्याचे काही बिघडत नाही. पण तांब्याचा थर मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शाएवढाच असेल तर?

असा थर सर्किटच्या पाटीत, म्हणजे पी.सी.बी.मध्ये असतो. पाटीच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या वाटा असल्या, की त्या बारीक छिद्रांतून जोडाव्या लागतात. त्यासाठी छिद्राच्या भिंतीवर तांबे चढवतात.

मोरचूद व गंधकाम्लाच्या द्रावणात तांब्याचा पत्रा धनाग्र आणि पाटी ऋणाग्र केली, की पाटीवर तांबे बसते. मात्र छिद्राची भिंत काचतंतू व रेझीनची, दोन्ही विद्युतरोधक! म्हणून आधी ती वाहक करावी लागते. कारखान्यांत पॅलेडियमचे सूक्ष्म कण बसवून रासायनिक क्रियेने तांब्याचा पहिला थर देतात. हौशी लोक ग्रॅफाइटची शाई वापरतात. तुमच्या पेन्सिलीतही ग्रॅफाइटच असते.

आता थोडे गणित करू. फॅरडेच्या नियमानुसार १ अँपिअर प्रवाहाने तासाभरात सुमारे १.१९ ग्रॅम तांबे बसते. १०० चौ. सें.मी. पृष्ठभागाला २ अँपिअर दिले, तर तासाभरात सुमारे २६ मायक्रॉन जाडी मिळते. एवढी पुरते. मग १० अँपिअर सोडून बारा मिनिटांत काम का उरकू नये? कारण विद्युतक्षेत्र छिद्राच्या काठाशी तीव्र आणि आत क्षीण असते. प्रवाह वाढवला, की काठ जाड होतो व मध्यभाग उपाशी राहतो. डाख देताना पाटी तापून फुगते आणि नेमका तो पातळ भाग तडकतो. उरलेले काम खारी हवा करते!

प्रयोग संपल्यावर निळे द्रावण खाडीत ओतू नका. बोटींच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तांब्याची संयुगे असलेला रंग लावतात, तो तांबे त्यांना विषारी म्हणूनच. मग कालवांचे आणि तिसऱ्यांचे काय होईल? द्रावणात भरपूर लोखंडी खिळे टाकून भांडे उघड्यावर ठेवा. लोखंड विरघळते, तांबे साका होऊन बसते. निळा रंग पूर्ण गेला, की तांबे गाळून घ्या आणि उरलेले पाणी शाळेच्या प्रयोगशाळेत द्या.

आम्लाचे काम शिक्षकांसमोर, चष्मा व हातमोजे घालूनच करा. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही.