वजन उतरायच्या आधीच उतरली साखर

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीनव्हिलमध्ये वॉल्टर पोरीस हे सर्जन अतिलठ्ठ रुग्णांवर गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया करत. हेतू एकच, वजन घटवणं. पण मधुमेही रुग्णांच्या बाबतीत भलतंच घडत होतं. वजनाचा काटा जेमतेम हललेला असायचा आणि काही दिवसांतच रक्तातली साखर ताळ्यावर यायची. अनेकांचं इन्शुलिन बंद करावं लागायचं. १९९५ मध्ये पोरीस यांनी १४ वर्षांचा हिशेब मांडला. टाइप २ मधुमेहाच्या १४६ रुग्णांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल राहिली होती.

हे होतं कसं? बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग यांना वळसा घालून अन्न पुढे जातं. खालच्या आतड्यात ते लवकर पोहोचलं, की तिथल्या पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर सोडतात आणि स्वादुपिंड इन्शुलिन वाढवतं. (मधुमेहावरचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन याच संप्रेरकाची नक्कल करतं.) पोटात अन्न कमी गेल्यानं यकृतातली चरबीही झपाट्यानं घटते, आणि यकृत पुन्हा इन्शुलिनचं ऐकू लागतं. स्नायूंचा इन्शुलिनला होणारा विरोध मात्र सावकाश, वजनाबरोबर उतरतो.

वजनाचा वाटा किती आणि आतड्याचा किती, हे तपासायला संशोधक फ्रान्चेस्को रुबिनो यांनी लठ्ठ नसलेले मधुमेही उंदीर घेतले. जठराला हात न लावता फक्त आतड्याची वाट बदलली. वजनात फरक नसतानाही साखर सुधारली. हा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठी वाचकानं इथे थांबून पुण्याकडे पाहावं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा संशोधकांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२! आपल्या अंगातली चरबी वजनकाट्यावर दिसत नाही. म्हणूनच २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये, औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करण्यासाठी इतरांना बीएमआय ३० ची, तर आशियाई लोकांना २७.५ ची मर्यादा आहे. म्हणजे साधारण साडेपाच फूट उंची आणि ७७ किलो वजन. अशा माणसाला आपण आजारी म्हणत नाही, खात्यापित्या घरचा म्हणतो.

मधुमेह कायमचा जातोच असं नाही. रोममधल्या एका चाचणीत दहा वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३७.५ टक्के रुग्ण औषधांशिवाय मधुमेहमुक्त होते. बाकीच्या अनेकांचा आजार परतला, पण साखर बरीच आटोक्यात राहिली. शस्त्रक्रियेनंतर बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि नियमित रक्ततपासण्या जन्मभर सुरू ठेवाव्या लागतात. आणि मधुमेह जितका जुना, तितक्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी थकलेल्या. सगळी औषधं हरल्यावर, पंधरा-वीस वर्षांनी सर्जनकडे गेलेल्या रुग्णाला या शस्त्रक्रियेचा पुरता फायदा मिळणं अवघड असतं.