करपा कोणता, ते आधी ओळखा
(टोमॅटोची निगा : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण रोपवाटिकेतली मर पाहिली. आता बांधणी झाली, फुलोरा लागला आणि नाशिक-जुन्नर पट्ट्यात परतीचा पाऊस रेंगाळतो आहे. करप्याला हेच दिवस मानवतात. पण ‘करपा आला’ एवढंच सांगून दुकानातून औषध आणू नका. करपे दोन आहेत, आणि एकावर चालणारं औषध दुसऱ्यावर वाया जाऊ शकतं.

लवकर येणारा करपा अल्टरनेरिया बुरशीचा. सुरुवात बुडाच्या जुन्या पानांवर होते. तपकिरी ठिपका बारकाईनं पाहा : ओंडक्याच्या कापावर असतात तशी एकात एक वर्तुळं आणि भोवती पिवळी कड. २४ ते २९ अंश तापमान त्याला पोषक. आधीच्या पिकाच्या पाल्यात ही बुरशी टिकून राहते आणि पावसाच्या थेंबांनी उडालेल्या मातीबरोबर खालच्या पानांवर पोहोचते.

उशिरा येणारा करपा फायटोप्थोराचा. १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा नासवून दुष्काळ आणणारा रोग तो हाच. नावात ‘उशिरा’ असलं तरी थंड, ढगाळ, धुक्याची हवा मिळाली की तो पिकाच्या कोणत्याही वयात येतो. पानांवर भिजल्यासारखे हिरवट-काळे चट्टे पडतात. सकाळी दव असताना पान उलटा. चट्ट्याच्या कडेला पांढरी लव दिसली तर शंका उरत नाही. मग दिवस मोजकेच असतात, कारण हा रोग बघता बघता अख्खा प्लॉट काळा करतो.

फायटोप्थोरा ही शास्त्रीयदृष्ट्या खरी बुरशी नाही. म्हणूनच मेटॅलॅक्झिल त्याच्यावर चालतं, अल्टरनेरियावर नाही. मॅन्कोझेब (लिटरला २.५ ग्रॅम) आणि ताम्रयुक्त औषधं दोन्हींपासून संरक्षण देतात, मात्र रोग शिरण्याआधी पानावर असली तरच. आत शिरलेला रोग ती बरा करत नाहीत. आंतरप्रवाही औषध लागोपाठ मारू नका, गट बदला. नाहीतर रोग त्याला दाद देईनासा होतो. फवारा पानाच्या खालूनही बसला पाहिजे.

खरी लढाई मात्र पान ओलं राहण्याशी आहे. पाणी ठिबकनं आणि सकाळी द्या. मल्चिंग करा, म्हणजे माती उडणार नाही. पहिल्या घोसाखालची पानं कोरड्या हवेत काढा आणि ती बांधावर न टाकता शेताबाहेर पुरा. पीक ओलं असताना त्यात वावरू नका. या रानात पुढची दोन-तीन वर्षं टोमॅटो, बटाटा, वांगी टाळा. बियाणं निवडताना बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का रक्षक’ (लवकर येणाऱ्या करप्यासाठी) आणि ‘अर्का अभेद’ (दोन्ही करप्यांसाठी) हे वाण विचारात घ्या.

तोडे सुरू झाले की लेबलवरचा प्रतीक्षा कालावधी पाळा. तो माल कुणाच्या तरी घरी लहान मुलांच्या ताटात जाणार आहे.

पुढील लेखांकात : पान ओलं नसतानाही पसरणारी भुरी.