बार्शी लाइट : पाच टनांचे गणित

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले की आमच्या बार्शीच्या घरी कार्तिकीचे वेध लागत. आजी दशम्या बांधून घेई, पिशवीत एक चादर कोंबी आणि मला म्हणे, "चल रं, इठ्ठलाच्या गाडीनं जाऊ." ही इठ्ठलाची गाडी म्हणजे बार्शी लाइट. दोन रुळांमध्ये अंतर अवघे अडीच फूट, पण वरचा डबा रुळांच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरलेला. तेव्हा ही गाडी सरकारजमा होऊन मध्य रेल्वेत गेली होती. मूळची कंपनी १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने विकत घेतली; पण आमच्या भागात तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही.

तिच्या चालीवर विनोद पुष्कळ. पुढच्या डब्यातून उतरावे, बाभळीच्या सावलीत विडी ओढावी आणि मागच्या डब्यात चढावे, हा त्यातला सर्वांत जुना. मीही तो सांगून लोकांना हसवले आहे. पुढे या गाडीविषयी मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ज्या हलकेपणाला आपण हसत होतो तो गरिबीने नशिबी आलेला नव्हता. तो कागदावर आकडेमोड करून, विचारपूर्वक ठरवलेला होता. 'लाइट' हे नाव म्हणजे त्या आकडेमोडीचे उत्तर होते.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. तिला पुढे रायचूरकडे जाऊन मद्रासच्या मार्गाला मिळायचे होते. त्या आखणीत बार्शी बसली नाही. बाजारपेठ एका बाजूला राहिली आणि २१ मैलांवर माळावर एक स्टेशन उभे राहिले. त्याचे नाव ठेवले 'बार्शी रोड'. हेच आजचे कुर्डुवाडी. ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' असतो, तिथे उतरणाऱ्याला अजून बरेच जायचे असते, हे प्रवाशांना ठाऊक असते. बालाघाटाच्या डोंगररांगेपलीकडून येणारा कापूस, धान्य, गळिताचा माल बार्शीत जमे आणि तिथून बैलगाड्यांनी स्टेशन गाठी. पंढरीच्या वारकऱ्यांनाही रेल्वे मिळे ती तीस मैलांवर.

हे चित्र एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या तरुण इंग्रज अभियंत्याने पाहिले. १८८२ मध्ये तो याच मोठ्या रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. मोठी रेल्वे बार्शीला नेणे परवडणार नाही, हे त्याला दिसत होते. पण म्हणून बार्शीने बैलगाडीवरच राहावे, हे त्याला पटत नव्हते. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला.

कॅलथ्रॉपचे गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण या गाडीचे सगळे गुण आणि सगळे दोष त्यातूनच निघतात. रूळ किती जाड हवा, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. चाकांच्या एका जोडीमुळे त्यावर किती भार येतो यावर ठरते. त्या काळच्या बहुतेक छोट्या रेल्वेंत इंजिन जड आणि डबे किरकोळ असत. जाड रूळ इंजिनासाठी टाकायचा, आणि त्यावरून बाकीचे डबे मात्र रुळाच्या ताकदीचा थोडासाच भाग वापरत जायचे. म्हणजे खर्च मोठ्या रेल्वेच्या बाजूने झुकलेला आणि माल मात्र जेमतेम. कॅलथ्रॉपने उलट बाजूने सुरुवात केली. त्याने आधी मर्यादा ठरवली : चाकांच्या कुठल्याही जोडीवर पाच टनांपेक्षा अधिक भार नाही. मग इंजिन असो, वाघीण असो की प्रवासी डबा, प्रत्येकाने त्या मर्यादेत राहायचे. पण मालाच्या वाघिणीने त्या मर्यादेपर्यंत भरूनही जायचे.

पाच टनांचा भार पेलायला यार्डाला तीस पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलोंचा रूळ पुरतो. आज मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोंचा रूळ असतो, यावरून तो किती हलका होता हे कळेल. रूळ हलका, म्हणून भराव हलका, पूल हलके, खर्च आटोक्यात. इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बनवली. वजन अनेक चाकांवर वाटून दिलेली. डबे आणि वाघिणी सुमारे २५ फूट लांब, ७ फूट रुंद, दाबीव पोलादाच्या सांगाड्याच्या. प्रत्येकीखाली चाकांच्या चार जोड्या, म्हणजे भरलेल्या वाघिणीचे वजन वीस टनांपर्यंत जाऊ शके. अडीच फुटी रुळावर हे पुष्कळ झाले. लोकांचा विश्वास बसावा म्हणून कॅलथ्रॉपने लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरते रूळ टाकून ही गाडी तज्ज्ञांना चालवून दाखवली, आणि मगच ती आपल्याकडे आली.

हाच कॅलथ्रॉप पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवण्याच्या मागे लागला आणि 'गार्डियन एंजल' नावाची छत्री त्याने तयार केली. हलक्या वस्तूवर जड जीव किती भरवशाने सोपवता येतो, हाच प्रश्न त्याला जन्मभर खुणावत असावा, असे मला वाटते.

पहिल्या टप्प्यानंतर ही वाट दोन्ही अंगांनी वाढली. १९०६ च्या सुमारास एक टोक पंढरपूरला आणि दुसरे तडवळ्याला गेले. १९११ मध्ये गाडी निजामाच्या राज्यातल्या लातूरला पोहोचली. १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, कवठेमहांकाळ करत ती मिरजेला भिडली. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. ब्रिटिश मुलूख, निजामाचे राज्य आणि दक्षिणेतली संस्थाने एका बारीक रुळाने जोडली गेली. लातूरची पेठ फुलली, त्यात या गाडीचा वाटा मोठा होता. मोठ्या रेल्वेने देश जोडला असे आपण म्हणतो. तालुक्याला तालुका जोडण्याचे काम मात्र अशा धाकट्या गाड्यांनी केले.

मग तिच्यात उणे काय होते? याचे उत्तर मला माझ्या वडिलांनी दिले. ते बार्शीत एका आडतीवर दिवाणजी होते. बार्शी लाइटचे कौतुक मी फार करू लागलो की ते चष्मा काढून ठेवत आणि म्हणत, "गाडी गुणाची होती रे. पण पोतं दोनदा उचलावं लागायचं." बार्शीत हमालाने पोते वाघिणीत टाकायचे, कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर दुसऱ्या हमालाने ते काढून मोठ्या वाघिणीत भरायचे. प्रत्येक वेळी हमाली, प्रत्येक वेळी वेळ, प्रत्येक वेळी थोडी सांडलवंड. रुळाची रुंदी बदलते तिथे हे अटळ असते. मिरजेत तर एक काळ असा होता की मोठा, मध्यम आणि छोटा असे तीनही रूळ एकाच स्टेशनात नांदत. पाहुण्यांना ते नवल वाटे, व्यापाऱ्यांना नव्हे.

जोवर स्पर्धा बैलगाडीशी होती तोवर हे चालले. पुढे मालमोटारी आल्या, आणि त्या आडतीच्या दारातून पोते उचलून थेट मुंबईच्या गोदामात टाकू लागल्या. एसटीने प्रवासी नेले. पाच टनांची मर्यादा एके काळी बार्शी लाइटचे बळ होते. आता तीच पायातली बेडी झाली. वडील ब्रॉडगेजच्या मागणीच्या अर्जांवर सह्या करणाऱ्यांपैकी होते आणि मी मनातून त्यांच्यावर रुसलो होतो.

अशा गाड्यांचे पुढे काय होते, याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. कॅलथ्रॉपनेच इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये 'लीक अँड मॅनिफोल्ड' ही चिमुकली रेल्वे याच पद्धतीवर उभी करण्यात भाग घेतला. १९०४ मध्ये सुरू झालेली ती गाडी १९३४ मध्ये बंदही पडली. आज तिच्या वाटेवर लोक चालतात, सायकली चालवतात. आपल्याकडे १९०७ ची माथेरानची गाडी पर्यटकांनी जगवली. विदर्भात कापसासाठी घातलेली मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर ही 'शकुंतला' स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्या मालकीची राहिली आणि मोडकळीला आली. बार्शी लाइटला चौथी वाट मिळाली. २००१ मध्ये कुर्डुवाडी-पंढरपूर ब्रॉडगेज झाले, २००८ पर्यंत लातूरची बाजू पूर्ण झाली, आणि त्यानंतर पंढरपूर-मिरजही. आखणी काही ठिकाणी बदलली. जुन्या छोट्या मार्गाने बाजूला ठेवलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, नव्या मार्गावर आले.

छोटी गाडी गेली त्याचे मला दुःख झाले. आजीची चादर अंथरलेला तो बाक, खिडकीतून हाताला लागेल इतक्या जवळची ज्वारी, मोडनिंबच्या फलाटावरचा गलका, हे सारे तिच्याबरोबर गेले असे वाटले. हे वाटणे खोटे नव्हते. पण अपुरे होते, हे एप्रिल २०१६ मध्ये कळले.

त्या उन्हाळ्यात लातूर कोरडे पडले होते. मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोहोचली. बातमीतली ही नावे मी पुन्हा पुन्हा वाचली. ती ओळीने बार्शी लाइटचीच स्टेशने होती. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या.

मी कागद घेऊन हिशेब केला. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन पन्नास टन. चाकांच्या चार जोड्यांवर वाटले तर प्रत्येकीवर साडेबारा टन. वाघिणीचे स्वतःचे वजन वेगळेच. कॅलथ्रॉपच्या रुळाने हे पेलले नसते. छोटी गाडी जपली असती, तर ते पाणी त्या वाटेने आले नसते. वडील तोवर हयात नव्हते. असते तर चष्मा काढून एवढेच म्हणाले असते, "आता पोतं एकदाच उचललं."

पण हिशेबाला दुसरीही बाजू आहे. १८९७ मध्ये पाच टनांवर समाधान मानले गेले नसते, तर या भागात रेल्वे आली असती ती कधी, कोण जाणे. मोठी वस्तू परवडत नाही म्हणून काहीच न करणे, किंवा परवडत नसताना मोठीच करायला जाऊन बुडणे, या दोन्हींच्या मधली वाट या गाडीने धरली. मिरज ते लातूर ही रेघ नकाशावर तिने काढली, आणि ज्यांनी ती नंतर रुंद केली त्यांना जोडलेल्या पेठा आणि लोकांच्या अंगवळणी पडलेला रस्ता आयता मिळाला.

कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात माथेरानच्या छोट्या डब्यांची कामे होत आली आहेत. बार्शी लाइटच्या काळापासून हातात मुरलेली ती कला आहे. यंदा कार्तिकीला मी ब्रॉडगेजच्या गाडीनेच पंढरपूरला जाणार आहे. गाडी मोडनिंबवरून वेगाने पुढे जाईल. मधे उतरून बाभळीखाली बसण्याची सोय आता नाही. पण आजीच्या हिशेबाने ती अजून इठ्ठलाचीच गाडी आहे, आणि मला आता ते नाव पुरेसे वाटते.