एका अंड्याचा हिशेब : माळढोक आणि मरुभूमी

जैसलमेरच्या पश्चिमेकडील वाळवंटात वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तर हिवाळ्याच्या रात्री तो गोठणबिंदूजवळ येतो. अशा प्रदेशाला ‘ओसाड’ म्हणण्याची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात तेथील प्रत्येक जीव पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून जगत असतो. सेवण गवताची मुळे कोरड्या वर्षांत जमिनीत तग धरून राहतात आणि पहिल्या सरीनंतर त्यांना पाते फुटते. सांडा आपल्या बिळाचे तोंड मातीने बंद करून उष्णतेपासून बचाव करतो. चिंकारा हरिण पाला आणि फळांतील ओलाव्यावर पाण्यावाचून बराच काळ काढू शकते.

याच गवताळ माळावर माळढोक राहतो. राजस्थानात त्याला ‘गोडावण’ म्हणतात आणि १९८१ पासून तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. सुमारे एक मीटर उंचीचा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांतील अत्यंत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, धान्य असे जे मिळेल ते तो खातो. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर ती बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ चार आठवडे ते उबवते. पिल्लू वाढून स्वतः वंशवृद्धी करू लागेपर्यंत तीन-चार वर्षे जातात.

एकच अंडे का, याचे उत्तर पावसात आहे. ज्या प्रदेशात दोन-तीन वर्षे सलग कोरडी जाऊ शकतात, तेथे अनेक पिल्लांना पुरेल इतके कीटक दरवर्षी मिळण्याची खात्री नसते. म्हणून निसर्गाने येथे सावध सावकाराचा मार्ग स्वीकारला : संतती थोडी, आयुष्य दीर्घ. एखादे वर्ष वाया गेले तरी प्रौढ पक्षी जिवंत राहतात आणि पुढच्या चांगल्या पावसाची वाट पाहतात. उत्तम पावसाच्या काही वर्षांत माद्यांनी दोन अंडी घातल्याचेही अलीकडे आढळले आहे. मात्र या व्यवहाराला एक अट आहे. मूळ भांडवल, म्हणजे प्रौढ पक्षी, सुरक्षित राहिले पाहिजेत. वर्षाची वाढ इतकी अल्प असताना मुद्दलालाच गळती लागली, तर ती भरून निघत नाही.

ती गळती आज लागली आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने समोरचे त्याला कमी दिसते, आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. उच्चदाबाच्या विजेच्या तारांवर आदळून प्रौढ पक्षी मरतात. यातील बऱ्याच तारा सौर व पवनऊर्जेच्या प्रकल्पांच्या आहेत. म्हणजे हवामानबदलावरचा उपायच येथे संकट झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात ते व्यवहार्य नसल्याचे पाहून २०२४ मध्ये आदेश बदलला आणि तज्ज्ञ समिती नेमली. आज जगात हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास मानले जातात, आणि त्यांतील बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत.

दुसरे संकट सुबत्तेच्या रूपाने आले. इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याने वाळवंटात शेती फुलली, पण गवताळ माळ आक्रसला. वस्तीबरोबर भटके कुत्रे आणि कावळे वाढले, आणि जमिनीवरचे एकमेव अंडे त्यांच्या तावडीत सापडू लागले. महाराष्ट्रातही असेच घडले. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, बाजारपेठाही आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, लोकांत नाराजी वाढली आणि पुढे क्षेत्र बरेच घटवावे लागले. दरम्यान पाणी पोहोचले तेथे माळाची जागा ऊस आणि द्राक्षांनी घेतली. आता तेथे माळढोक दिसणे हीच बातमी ठरते.

या साऱ्याच्या मुळाशी एक चुकीची नोंद आहे. महसूल दप्तरात गवताळ माळ ‘पडीक’ ठरतो. राजस्थानात देवाच्या नावाने राखलेली पुष्कळ ओरणे अशीच ओसाड म्हणून नोंदली गेली आणि प्रकल्पांसाठी सहज उपलब्ध झाली. ज्या जमिनीवर गुरे चरतात, टोळ वाढतात आणि माळढोक अंडे घालतो, तिची किंमत वहीत शून्य धरली तर ताळेबंद खोटा ठरणारच.

मारवाडातून महाराष्ट्रात आलेल्या अनेक व्यापारी कुटुंबांची पूर्वजांची भूमी याच वाळवंटाच्या परिसरात आहे. जीवदयेसाठी ही कुटुंबे मुक्तहस्ते देतात. परंतु दयेलाही स्थळाचे भान हवे. खुल्या माळावर सरसकट वृक्षारोपण केले, तर माळढोकाचा अधिवासच नाहीसा होतो. त्याच्या वीणक्षेत्राजवळ भटक्या कुत्र्यांना नित्य अन्न घातले, तर एका जीवावरील करुणा दुसऱ्याच्या मुळावर येते. चातुर्मासात जीवहिंसा टळावी म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात. त्याच पावसाळ्यात माळावर ते एकुलते अंडे असते. चालताना पाळतो ती जयणा दान देताना आणि जमिनीचा वापर ठरवतानाही पाळली जावी. गायरान व कुरणांचे रक्षण, भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि गुंतवणूक केलेल्या ऊर्जाप्रकल्पाच्या तारा कोठून जातात याची चौकशी, ही त्या जयणेचीच रूपे होत.

आशेला जागा आहे. जैसलमेर जिल्ह्यातील प्रजनन केंद्रात गोळा केलेल्या अंड्यांतून पिल्ले वाढवली जात आहेत आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. मात्र केंद्र म्हणजे केवळ तिजोरी. ही पिल्ले मोठी झाल्यावर त्यांना सोडण्यासाठी गवत, टोळ आणि तारा नसलेले आकाश लागेल. ते राखून ठेवणे प्रयोगशाळेच्या हाती नाही. ज्यांच्या नावावर जमीन आणि भांडवल आहे, त्यांच्याच हाती ते आहे.