सहलीआधी बचत की सहलीनंतर हप्ते? प्रवासखर्चाच्या नियोजनाचा हिशेब

नवी दिल्ली : मे महिन्याच्या सुटीतील सहल आटोपून कुटुंब घरी परतते, तेव्हा जून महिना तोंडावर आलेला असतो. शाळेचे शुल्क, वह्या-पुस्तके, गणवेश आणि पावसाळ्यापूर्वीची घराची डागडुजी हे सारे खर्च याच सुमारास उभे राहतात. सहल कर्ज काढून झाली असेल, तर तिचा पहिला मासिक हप्ताही याच महिन्यात खात्यातून वजा होतो. काही मिनिटांत मंजूर होणारी वैयक्तिक कर्जे आणि ‘आता प्रवास करा, पैसे नंतर द्या’ अशा योजनांमुळे प्रवासासाठी उसने पैसे उभे करणे सोपे झाले आहे. तेच पैसे आधी साठवले तर नेमका किती फरक पडतो आणि ते कोठे व कसे साठवावेत, याचा हा आढावा.

एकच सहल, दोन हिशेब

चार जणांच्या एका कुटुंबाला पुढील वर्षी १० मे रोजी हिमाचल प्रदेशाच्या सहलीसाठी निघायचे आहे आणि त्याला ६० हजार रुपये खर्च अपेक्षित आहे, असे समजू. या कुटुंबाने बँकेत दरमहा ५ हजार रुपयांची आवर्ती ठेव, म्हणजेच रिकरिंग डिपॉझिट, १२ महिन्यांसाठी उघडली आणि त्यावर वार्षिक साडेसहा टक्के व्याज मिळाले, तर मुदतीअखेर सुमारे ६२ हजार १४० रुपये हाती येतात. मूळ बचतीवर सुमारे २,१४० रुपये अधिक मिळतात.

हीच रक्कम वार्षिक १४ टक्के दराने एका वर्षासाठी वैयक्तिक कर्ज म्हणून घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ५,३८७ रुपये होतो. वर्षभरात व्याजापोटी सुमारे ४,६४६ रुपये जातात. दोन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर आणखी १,४१६ रुपये वाढतात. दोन्ही पर्यायांत महिन्याकाठी खिशातून जाणारी रक्कम जवळपास सारखीच आहे. मात्र वर्षअखेरीस त्यांच्यातील अंतर सुमारे ८,२०० रुपयांचे होते. साध्या बजेटच्या सहलीत एवढ्या रकमेत चौघांच्या दोन-तीन दिवसांच्या निवासाची सोय होऊ शकते.

क्रेडिट कार्डाचे देयक मुदतीत पूर्ण न भरल्यास हिशेब अधिकच बिघडतो. दरमहा साडेतीन टक्के दराने ६० हजार रुपयांच्या थकबाकीवर एका महिन्याचे व्याज २,१०० रुपये होते. आवर्ती ठेवीवर वर्षभरात जेवढे व्याज मिळते, जवळपास तेवढेच येथे एका महिन्यात द्यावे लागते. केवळ ‘किमान देय रक्कम’ भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज मात्र टळत नाही.

‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दप्रयोगाकडेही सावधपणे पाहायला हवे. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. अशा योजनांत व्याजाची रक्कम बहुधा प्रक्रिया शुल्कात किंवा ग्राहकाला न मिळालेल्या सवलतीत दडलेली असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांना कर्जदाराला महत्त्वाच्या तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. व्याज आणि शुल्क मिळून कर्जाचा वार्षिक एकूण खर्च किती टक्के पडतो, हे त्यात नमूद असते. स्वाक्षरीपूर्वी किंवा मोबाइलवर संमती देण्यापूर्वी हा एक आकडा तरी पाहावा.

पैसे निघण्याच्या दिवशी नव्हे, आरक्षणाच्या दिवशी लागतात

बचत करणाऱ्यांकडूनही एक चूक सर्रास होते. ठेवीची मुदत प्रवासाच्या तारखेला जुळवली जाते. पैसे मात्र त्याच्या कितीतरी आधी लागतात. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली असून त्यात प्रवासाचा दिवस धरला जात नाही. त्यानुसार १० मेच्या गाडीचे आरक्षण साधारणतः ११ मार्चला सुरू होते. सुटीच्या काळात मागणी असलेल्या गाड्यांमधील जागा त्याच दिवशी संपू शकतात. त्या वेळी ठेव मुदतपूर्व मोडावी लागली, तर व्याजदरात कपात होते. ठेव मोडायची नसेल, तर तिकिटासाठी पुन्हा क्रेडिट कार्डाचाच आधार घ्यावा लागतो.

त्यावर उपाय म्हणजे एकाऐवजी दोन आवर्ती ठेवी. वरील कुटुंबाने प्रवास खर्चाचे दोन भाग करावेत. तिकिटांसाठी ५ जूनपासून दरमहा २,७०० रुपयांची नऊ महिन्यांची ठेव उघडल्यास ती ५ मार्चला, म्हणजे आरक्षण खुले होण्यापूर्वी परिपक्व होते आणि व्याज वगळता २४,३०० रुपये हाती येतात. निवास, भोजन व स्थानिक वाहनांसाठी २५ एप्रिलपासून दरमहा ३ हजार रुपयांची १२ महिन्यांची ठेव पुढील २५ एप्रिलला ३६ हजार रुपये आणि त्यावरील व्याज देते. दोन्ही ठेवी सुरू असताना दरमहा ५,७०० रुपयांची तजवीज मात्र करावी लागते. हप्त्याची तारीख वेतन जमा होण्याच्या दुसऱ्या दिवसाची ठेवून रक्कम आपोआप वळती करण्याची सूचना बँकेला दिल्यास हप्ता चुकण्याची शक्यता कमी होते.

टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत दरमहा १०० रुपयांपासून बचत करता येते. मात्र तिची मुदत पाच वर्षांची असून तीन वर्षांपूर्वी ती बंद करता येत नाही. त्यामुळे पुढील वर्षीच्या सहलीसाठी ती उपयोगाची नाही. चार-पाच वर्षांनी करायच्या मोठ्या प्रवासासाठी ती योग्य ठरते. शेअर बाजाराशी निगडित योजनांमध्ये वर्षभरातील चढ-उतार मोठे असू शकतात. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम हवी असेल, तर तेथे जोखीम न घेणे श्रेयस्कर.

साठवलेला पैसा कोठे आहे?

काही प्रवासी संस्था स्वतःच मासिक बचत योजना चालवतात आणि अखेरचा हप्ता स्वतः भरण्याचे आमिष दाखवतात. त्याचप्रमाणे ओळखीच्या मंडळींमधील भिशी हाही सहलीसाठी पैसे जमवण्याचा रूढ मार्ग आहे. या पर्यायांमध्ये परताव्यापेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण असते. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्था, भिशी किंवा प्रवासी संस्थेकडे भरलेले हप्ते यांना हे संरक्षण नाही. चिटफंडात पैसे गुंतवायचे असतील, तर तो १९८२ च्या चिटफंड कायद्यानुसार नोंदणीकृत असल्याची खात्री करणे आवश्यक आहे.

आगाऊ भरलेल्या पैशांची जोखीम मोठ्या कंपन्यांबाबतही संपत नाही. जेट एअरवेजची विमानसेवा १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज करून उड्डाणे बंद केली. दोन्ही वेळी ऐन उन्हाळी सुटीतील प्रवाशांचे तिकिटांचे पैसे अडकले. त्यामुळे संपूर्ण सहलीचे पैसे एकरकमी आणि फार आधी भरण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने भरावेत, पावती घ्यावी आणि रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

लवकर ठरवण्याचा लाभ

तारीख आधी ठरली की बचतीला वेळ मिळतो, तसेच खर्चही कमी होतो. राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांसाठी ९ सप्टेंबर २०१६ पासून परिवर्तनशील भाडे लागू करण्यात आले. या पद्धतीत बहुतेक श्रेणींत प्रत्येक १० टक्के जागा विकल्या गेल्यावर मूळ भाडे १० टक्क्यांनी वाढते आणि भाडे मूळ भाड्याच्या कमाल १.४ पटीपर्यंत जाऊ शकते. एकाच डब्यातील दोन प्रवाशांनी त्यामुळे वेगवेगळे भाडे मोजलेले असते. तत्काळ तिकिटासाठी अतिरिक्त शुल्क तर पडतेच, शिवाय निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास परतावा मिळत नाही.

अनेक ठिकाणे एकाच फेरीत पाहायची असतील, तर रेल्वेच्या वर्तुळाकार प्रवास तिकिटाचा विचार करता येतो. प्रवास ज्या स्थानकावरून सुरू होतो तेथेच तो संपतो आणि वाटेत कमाल आठ ठिकाणी थांबता येते. अंतर वाढत जाते तसा प्रति किलोमीटर दर कमी होत असल्याने सुट्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडते. स्थानकांवरील विश्रामकक्षही निश्चित तिकिटाच्या आधारे आरक्षित करता येतात. एका रात्रीच्या मुक्कामासाठी ही सोय पुरेशी असते.

निवासावरील करातही बदल झाला आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या हॉटेल खोल्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या दरपत्रकावरून अंदाज बांधणाऱ्यांनी हा फरक तपासून पाहावा. शाळांच्या सुटीचे बंधन नसलेल्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरसारख्या कमी गर्दीच्या काळात याच ठिकाणी बऱ्याच कमी दरात राहता येते.

हक्काच्या आणि थांबलेल्या सवलती

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत चार वर्षांच्या गटात मिळते. खासगी क्षेत्रात वेतनाचा भाग म्हणून प्रवास भत्ता मिळणाऱ्यांना चार कॅलेंडर वर्षांत दोन प्रवासांच्या भाड्यावर प्राप्तिकरात सूट घेता येते. २०२२ ते २०२५ या गटानंतरचा गट २०२६ ते २०२९ हा आहे. आधीच्या गटातील न वापरलेला एक प्रवास पुढील गटाच्या पहिल्या वर्षात करता येतो. मात्र करसवलत देशांतर्गत प्रवासाच्या भाड्यापुरतीच असून हॉटेल व भोजनाचा खर्च त्यात येत नाही. नव्या करप्रणालीत ही सूट मिळत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेभाड्यात मिळणारी ४० ते ५० टक्के सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली. त्यामुळे आई-वडिलांना काशी किंवा रामेश्वरची यात्रा घडवू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी त्यांचे भाडे पूर्ण धरूनच अंदाजपत्रक करावे. महाराष्ट्रातील एसटी बसमध्ये मात्र ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे.

परदेशी सहल आयोजकाकडून घेतल्यास किमतीसोबत स्रोतावरच कर गोळा केला जातो. त्याचे दर वेळोवेळी बदलत आले आहेत. हा कर विवरणपत्र भरताना समायोजित होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत रक्कम अडकून राहते. तेवढी तरतूद बचतीतच असावी.

या साऱ्या हिशेबात आजारपण किंवा नोकरी जाण्यासारख्या प्रसंगांसाठी ठेवलेला निधी धरू नये. अंदाजित खर्चावर किमान दहा टक्के रक्कम वेगळी ठेवल्यास वाटेतील अडचणीसाठी कार्डाचा आधार घ्यावा लागत नाही. ठरलेल्या तारखेपर्यंत बचत पुरेशी झाली नाही, तर सहलीचे दिवस कमी करणे, जवळचे ठिकाण निवडणे किंवा प्रवास काही महिने पुढे ढकलणे हे पर्याय उरतात. कर्ज काढून सहल करून आल्यानंतर मात्र यांपैकी एकही पर्याय हाती राहत नाही आणि जूनचे वेतन हप्ता वजा होऊनच हाती येते.