वाशिमच्या वीस हजार पाळण्यांचा हिशेब

2011च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या भरली 11 लाख 97 हजार 160. त्या वर्षी महाराष्ट्राचा जन्मदर हजारी 16.7 होता. तोच इथे लावला, तर वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांत मिळून वर्षाला साधारण 20,000 बाळं जन्मतात. म्हणजे रोज पंचावन्न.

यातली किती पहिला वाढदिवस पाहत नाहीत? राज्याचा त्या वर्षीचा बालमृत्यूदर होता हजारी 25. त्या हिशेबाने वर्षाला 500. पण हा आकडा वाशिमचा नव्हे, वाशिमवर बसवलेला राज्याचा आहे. बालमृत्यूदर दरवर्षी काढणारी नमुना नोंदणी राज्यापाशीच थांबते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकांतही तो नसतो. मॉरिशसची लोकसंख्याही जवळपास एवढीच, सव्वाबारा लाखांच्या घरात, आणि तिथेही मराठी घरं आहेत. तो देश आपला बालमृत्यूदर दरवर्षी स्वतः जाहीर करतो. त्या काळात तो हजारी 13च्या आसपास होता. तसा दर वाशिमला लागला असता, तर 500पैकी 240 लेकरं वाचली असती.

गावाच्या पातळीवर मोजलं की काय दिसतं, ते डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवलं. 1988मध्ये त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथला बालमृत्यूदर मोजला, तो निघाला हजारी 121. हा दर वाशिमच्या वीस हजारांना लावून पाहा: वर्षाला 2,420 मृत्यू, रोज सहा-सात तिरड्या. पुढे 2001 साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. महाराष्ट्रात वर्षाला पावणेदोन लाख बालकं मरतात, असा त्याचा अंदाज होता. रोजची पावणेपाचशेच्या वर. हा आकडा जमला तो घरोघर जाऊन, कारण यातल्या कितीतरी मृत्यूंची कुठल्याच वहीत नोंद नव्हती.

गडचिरोलीत उपायही मोजण्यातूनच निघाला. न्यूमोनिया झालेलं बाळ भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त भरले, तर धोका. पण गावच्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल, तर? बंगांनी मण्यांचं एक साधं उपकरण केलं आणि जोडीला मिनिटभराची वाळूची घटिका दिली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईच्या हाती निदान आलं ते असं. त्यानंतर 39 गावांत आरोग्यदूत बायांनी घरीच नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूदर हजारी 62वरून 25वर आला. 1999 साली ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. 2011पासून तीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर सुरू झाली.

दवाखान्यात बाळंतीण झालेल्या बाईच्या घरी आशाताईने सहा भेटी द्यायच्या: 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, श्वास, दूध ओढतं की नाही, नाळ कोरडी आहे की चिघळली, हे सगळं बघून फॉर्म भरायचा. वाशिमच्या वीस हजार बाळांसाठी या भेटी होतात वर्षाला 1 लाख 20 हजार. सहा भेटींचे मिळून ठरले 250 रुपये, म्हणजे एका भेटीचे 42 रुपयेही नाहीत. पोहरादेवीच्या बाजूच्या तांड्यावर, भर पावसात, चिखल तुडवत जायचे हे पैसे आहेत. एवढ्या मोलाच्या कामाला एवढं कमी मोल देणं मला अन्याय वाटतो.

आणि ज्या पाळण्यापर्यंत आलेल्याच नाहीत, त्यांचं काय? शून्य ते सहा वयात वाशिममध्ये 2001 साली हजार मुलांमागे 918 मुली होत्या, 2011मध्ये उरल्या 863. निसर्गाने हजारी साडेनऊशेच्या आसपास दिल्या असत्या. वीस हजार जन्मांवर हे गणित मांडलं, तर वर्षाला नऊशेच्या वर मुली कमी पडतात. काही गर्भातच गेल्या, काही जन्मल्यावर हेळसांडीत. वर काढलेल्या पाचशे बालमृत्यूंच्या जवळजवळ दुप्पट! सहा वर्षांपर्यंतच्या साऱ्या मुलांत मिळून ही तूट सहा हजारांपलीकडे जाते. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994चा आहे, तो असतानाची ही घसरण.

2018मध्ये केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले. त्यांत गडचिरोली आहे आणि वाशिमही आहे. तेव्हा वाशिमला निदान स्वतःचा बालमृत्यूदर तरी मिळायला हवा, तोही तालुकावार आणि दरवर्षी जाहीर होणारा. त्याची सुरुवात ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत होते. जन्म आणि मृत्यू 21 दिवसांच्या आत कळवायचा असतो. बाळ तासभरच जगलं असलं, तरी त्याचा जन्मही नोंदवा आणि मृत्यूही.