पंजा फाटला, पुढे काय?

उल्हास नदीला पूर येऊन ओसरला की मोहने-आंबिवलीच्या काठावर गाळाबरोबर बरेच काही मागे राहते. फुटक्या बाटल्या, पत्र्याचे तुकडे, खिळे असलेल्या फळ्या, जलपर्णीत अडकलेली तार. आपण पायात काहीतरी घालून चालतो, त्यामुळे फारसे जाणवत नाही. सकाळी मालकाला ओढत पुढे धावणारा कुत्रा मात्र त्यातून अनवाणीच जातो. घरी आल्यावर फरशीवर रक्ताचे ठसे उमटतात, तेव्हा आपले लक्ष त्याच्या पायाकडे जाते.

रक्त पाहून घरातले घाबरतात, आणि ते थांबले की सगळे विसरतात. दोन्ही चुकीचे आहे. पंजाला रक्तपुरवठा भरपूर असल्याने लहानशा चिरेतूनही बरेच रक्त जाते आणि बहुतेक वेळा दाब दिल्यावर थांबते. खरा प्रश्न पुढच्या दोन-तीन आठवड्यांचा असतो. हाताला कापले तर आपण हात जपतो. कुत्र्याला पाय जमिनीवर टेकवावाच लागतो, आणि दर पावलाला गादी दबून पसरते, जखमेच्या कडा पुन्हा उघडतात. म्हणूनच गादीला घातलेले टाके इतर ठिकाणच्या टाक्यांपेक्षा जास्त दिवस ठेवावे लागतात आणि तरीही कधीकधी उसवतात.

ही गादी म्हणजे कुत्र्याच्या अंगावरची सर्वांत जाड कातडी. तिच्याखाली चरबीचा थर असतो, तो धक्के झेलतो. चार बोटांखाली चार, मध्ये एक मोठी आणि पुढच्या पायाला मनगटाच्या मागे आणखी एक लहान गादी असते. ती एरवी जमिनीला टेकत नाही. उतारावर किंवा वेगात वळताना ब्रेकसारखी कामी येते. धावणाऱ्या कुत्र्याचे तिथेही सोलवटते आणि नेमके तिथे कोणी पाहत नाही. जपानमधील हिरोयोशी निनोमिया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की पंजातल्या धमन्या आणि शिरा अगदी लगटून असतात. त्यामुळे आत येणारे उबदार रक्त परत जाणाऱ्या थंड रक्ताला ऊब देते आणि कुत्रा बर्फावरही उभा राहू शकतो. ही सोय थंडीसाठी आहे. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या डांबरासाठी तशी काही सोय नाही. आपला उलटा हात रस्त्यावर सात सेकंद ठेवता येत नसेल, तर तो रस्ता कुत्र्यासाठीही नाही.

जखम दिसली की आधी त्याच्या तोंडाचा विचार करा. जीव लावणारा कुत्राही वेदनेने चावतो. घरातल्या दुसऱ्या माणसाने त्याला धरावे, गरज पडल्यास मऊ कापडाच्या पट्टीने तोंड सैलसर बांधावे. तो जोरात धापा टाकत असेल किंवा ओकत असेल तर मात्र बांधू नये. स्वच्छ कापडाने जखम पाच मिनिटे सलग दाबून धरा. ‘थांबले का’ म्हणून दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहिले तर रक्त गोठतच नाही. मग नळाच्या पाण्याची हलकी धार सोडून पंजा धुवा आणि बोटांच्या मधल्या बेचक्या एकेक करून तपासा. वर दिसणारा काटा चिमट्याने काढता येतो. खोल रुतलेली काच मात्र ओढू नका, ती डॉक्टरांनीच काढावी.

आता हळदीविषयी. आपल्याकडे जखम म्हटली की हळद भरली जाते, कुत्र्यालाही. तिचे गुण काही असोत, फाटलेल्या गादीत हळदीचा लगदा भरला की आत काच आहे की माती, हे दिसत नाही आणि डॉक्टरांना आधी तो लगदा धुवावा लागतो. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नव्याने भरणाऱ्या पेशींनाच इजा करतात. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून वापरले तर पुरे. माणसांच्या डब्यातली वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नये. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामोलने यकृताला धोका असतो.

पट्टी बांधताना बोटांच्या मध्ये थोडा कापूस ठेवावा आणि मधल्या दोन बोटांची टोके बाहेर दिसतील अशी बांधावी. दिवसातून दोनदा ती टोके पाहा. सुजली, थंड पडली, की पट्टी घट्ट झाली समजा आणि लगेच सोडा. बाहेर नेताना वरून प्लास्टिकची पिशवी चालेल, पण घरात आल्यावर ती काढायलाच हवी, नाहीतर आत घाम धरतो. ओली पट्टी न बांधलेल्या पायापेक्षा वाईट.

पावसाळ्यात याहून मोठा शत्रू माशी आहे. उघड्या, ओल्या जखमेत माशी अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर येतात. त्या मांस खात आत शिरतात. वरून छिद्र बारीक, आत पोकळी मोठी. जखमेला घाण वास येऊ लागला, कुत्रा एकसारखा पाय चाटू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. अशा वेळी फिनेल किंवा पेट्रोल ओतण्याचा सल्ला देणारे कोणी ना कोणी भेटतेच. अळ्या मरोत न मरोत, मांस भाजते आणि चाटल्याने विष पोटात जाते.

दुसरा धोका लेप्टोचा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर हे नाव या भागात कोणाला नवे राहिले नाही. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेले जिवाणू कापलेल्या कातडीतून शरीरात शिरतात, माणसाच्या तसेच कुत्र्याच्याही. आजारी कुत्र्याच्या लघवीतून ते घरच्यांपर्यंत पोहोचू शकतात. पुराच्या पाण्यातून फिरलेला, पाय कापलेला कुत्रा काही दिवसांनी मलूल झाला, जेवेना, ओकू लागला किंवा डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरांना ‘तो साचलेल्या पाण्यातून गेला होता’ हे आवर्जून सांगा. दरवर्षीच्या लशीत लेप्टोची लस आहे ना, हे त्याच्या पुस्तिकेत आजच पाहून ठेवायला हरकत नाही.

पाऊस संपला की कुसळांचा हंगाम. माळावरचे गवत वाळते आणि त्याची कुसळे बेचक्यात घुसतात. त्यांची दातेरी रचना अशी असते की ती पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. बोटांच्या मध्ये फोड येतो, फुटतो, भरतो आणि पुन्हा येतो. कुसळ आत असेपर्यंत कितीही अँटिबायोटिक दिले तरी हे चक्र थांबत नाही. फिरून आल्यावर दोन मिनिटे बेचक्या पाहणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

दहा-पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, गादीचा तुकडा लोंबत असेल, नख मुळातून उपटले असेल, किंवा कुत्रा पाय टेकतच नसेल तर थेट डॉक्टर गाठावा. बाकी जखमांना विश्रांती लागते आणि नेमकी तीच या उत्साही जिवांना देणे सर्वांत अवघड. दोन दिवसांत लंगडणे थांबले म्हणून त्याला पुन्हा नदीकाठी मोकळे सोडू नका. आधी पट्ट्याला धरून, सपाट आणि कोरड्या जागेवर थोडे थोडे चालवा. कुत्र्यांचे बूटही मिळतात. पहिले दोन दिवस तो बगळ्यासारखा पाय उचलत चालेल, हसू येईल, पण सवय होते.

रस्त्यावरच्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पायाला कनवाळूपणाने बांधलेली पट्टी सोडायला कोणी येत नाही; ती पावसात भिजते, आवळते आणि पंजाचा रक्तपुरवठा तोडते. रोज येऊन ती बदलणे जमणार नसेल तर बांधू नये, प्राणिमित्र संस्थेला कळवावे. आणि त्याला हात लावताना आपल्या बोटाला साधे खरचटलेले असेल, त्यावर त्याची लाळ लागली, तर रेबीजच्या दृष्टीने ते चावण्याइतकेच गंभीर मानले जाते. साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवायचे आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखान्यात जायचे.